कोशाच्या पतंगाचं कार्ड

"कार्ड चुकलं आहे, सर," रेणू दिघोरे म्हणाली, आणि प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

बिसरामजी दारापाशी भिंतीला लागून उभे होते, हातात पितळेची लहान घंटा. दर दोन मिनिटांनी ती वाजवायची, आणि ओळीनं मांडलेल्या नमुन्यांपुढून पोरांनी एकेक जागा पुढं सरकायचं, नमुना ओळखून कागदावर लिहायचं, ही प्रात्यक्षिक परीक्षेची रीत. पहिल्या तुकडीचं ते सरकणं आटोपून आता तोंडी परीक्षा चालली होती. घंटेचं काम संपलं होतं, तरी ती खाली ठेवायची त्यांना आठवण राहिली नव्हती. एकतीस वर्षांत या खोलीत त्यांनी काय काय ऐकलं नव्हतं! गांडुळाला हृदय असतं का या प्रश्नावर एक पोरगा म्हणाला होता, "असेल तर दुखत नसेल सर." पण कार्ड चुकलं आहे, हे वाक्य कोणाच्या तोंडून निघालेलं त्यांना आठवत नव्हतं. निघणार तरी कसं? कार्डं त्यांची होती.

नोकरीच्या कागदावर बिसराम रहांगडाले म्हणजे प्रयोगशाळा परिचर, वर्ग चार. झाडलोट, बाटल्या धुणं, फॉर्मेलिन बदलणं एवढंच त्यांचं काम. पण गोंदियाकडच्या या गोरेगाव तालुक्यात जो कोणी बी.एस्सी. झाला, तो बिसरामजींची कार्डं वाचून झाला. दोनशे बारा नमुने, आणि प्रत्येकापुढं हातानं लिहिलेलं एक कार्ड. वरच्या अंगाला इंग्रजी, खालच्या अंगाला मराठी. नाव, वर्ग, गण, कुळ, कुठं सापडला, कधी सापडला. अक्षर असं की छापल्यागत. लिहिताना एखादा काना जरी वाकडा गेला तरी ते कार्ड फाडून ते दुसरं घेत. म्हणून दोनशे बारांपैकी एकाही कार्डावर खाडाखोड नव्हती. शिकले होते बारावी, तीही दुसऱ्या खेपेला. पण नवीन प्राध्यापक रुजू झाला की पहिले आठ दिवस तो पुस्तक उघडायच्या आधी बिसरामजींचं कार्ड बघून घ्यायचा, आणि हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक नसल्याचं ते दाखवायचे, इतकंच.

या महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. विभागप्रमुख टीना मॅडमनी ठरवलं होतं की निरोपाला शाल-श्रीफळ सगळेच देतात, आपण बिसरामजींच्या कार्डांचं पुस्तकच काढायचं. गोंदियाच्या एका छापखान्यात पानं जुळून तयार होती. मुखपृष्ठावर नाव होतं, 'संकलन व हस्ताक्षर : बिसराम रहांगडाले'. सुमित्राबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, नागऱ्याच्या एका लग्नात जेवणाच्या पंगतीत सांगून टाकलं होतं की आमच्या घरच्याईचं पुस्तक निघून राहिलं. कोणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं होतं.

पुस्तकाला प्रस्तावना लिहून आणली होती ती नागपूरहून आलेल्या बाह्य परीक्षकांनी, डॉ. चंद्रकुमार सरांनी. चार वर्षांपासून तेच परीक्षक म्हणून येत होते. सकाळी चहा पिता पिता त्यांनी तो कागद बिसरामजींच्या हातात दिला होता. त्यात एक वाक्य होतं, 'या दोनशे बारा कार्डांत एकही खाडाखोड नाही, एकही चूक नाही.' बिसरामजींनी ते वाक्य तिथं उभ्याउभ्या दोनदा आणि मग बाटल्यांच्या खोलीत दार लोटून तीनदा वाचलं होतं.

आणि आता ही पोरगी म्हणत होती, कार्ड चुकलं आहे.

झालं होतं असं. पाचव्या टेबलावर चंद्रकुमार सरांनी मुद्दाम दोन नमुने शेजारी शेजारी ठेवायला लावले होते. एका बाजूला मोठ्या काचेच्या बरणीत पाकट मासा, सुपासारखा चपटा, शेपटीला काटा असलेला. दुसऱ्या बाजूला काचेच्या झाकणाच्या पेटीत कोशाचा पतंग, ज्याच्या कोशातून, म्हणजे कोशातून निघणाऱ्या धाग्यातून, टसर रेशीम होतं तो, तळहाताएवढे पंख, त्यावर डोळ्यांसारखे चार पारदर्शक ठिपके. कार्डं पालथी. प्रश्न असा की दोघांचं वर्गीकरण करा, दोघांची संवर्धन स्थिती लिहा, तुलना करा. सरांना हा प्रश्न फार आवडला होता. दोघेही प्राणी, एवढंच काय ते सारखं. त्याच्या पुढच्या पायरीवरच वाटा फुटतात. एक पाठीच्या कण्याचा, कूर्चेच्या सांगाड्याचा, समुद्रातला. दुसऱ्याला सांगाडाच नाही, अंगावरचं कवच हाच त्याचा आधार, सहा पाय, आणि पतंग झाल्यावर तर खायला तोंडसुद्धा नाही. पोरांचं डोकं चालतं की नाही ते इथं कळतं, असं सरांचं म्हणणं.

वर्गीकरण रेणूनं अचूक लिहिलं होतं. पाकटापुढं 'संकटग्रस्त' लिहिलं होतं, तेही बरोबर. पतंगापुढं मात्र तिनं लिहिलं होतं, 'मूल्यमापन झालेलं नाही'. बाकीच्या सगळ्या पोरांनी लिहिलं होतं 'चिंता नाही', कारण कार्डावर तसंच होतं आणि वर्षभर त्यांनी ते कार्ड पाठ केलं होतं. सरांनी पालथं कार्ड उलटून पाहिलं, आणि तिचं उत्तर कापलं.

रेणू नवेगाव बांधची. बाप तळ्यात जाळं टाकतो, आणि हंगामात घरदार जंगलात जाऊन येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर कोशाच्या अळ्या पाळतं. पहाटेची एसटी धरून तीन वर्षं ती कॉलेजात आली होती, आणि तिचा डोळा नागपूरच्या एम.एस्सी.वर होता, जिथं एकेका गुणासाठी मारामार असते. गप्प बसली असती तर दोन गुण गेले असते. तिनं विचारलं, सर, हे का कापलं. सर म्हणाले, कार्ड बघा. आणि ती ते वाक्य बोलून बसली.

"चुकलं आहे?" चंद्रकुमार सरांनी चष्मा काढला. "बिसरामजींचं कार्ड?"

"हो सर."

"तुम्ही कशावरून म्हणता?"

रेणूनं आधी बरणीकडे आणि मग पेटीकडे बोट केलं. "सर, पाकट कोणीतरी मोजला, म्हणून तो संकटात आहे हे कळलं. कोसा कोणी मोजलाच नाही. माह्या बाबाले पहिले बियाण्यासाठी रानातले कोसे दिवसाले वीस-वीस सापडत. औंदा तीन दिवस फिरले तं चार सापडले. मोजलंच नाही, तं चिंता नाही असं कसं म्हणाचं?"

सर आता खरोखर चिडले. त्यांचं म्हणणं असं की हा तोंडी परीक्षेचा टेबल आहे, घरच्या गोष्टी सांगायचा ओटा नाही. आणि ज्या माणसाच्या कार्डांवर अख्खा तालुका शिकला, त्याच्यासमोर उभं राहून त्याला खोटं ठरवायचं म्हणजे ज्ञान नव्हे, उद्धटपणा आहे. मोबाइलवर पाहता येईल सर, असं रेणू हळूच म्हणाली, तर त्यांनी परीक्षेत आता मोबाइल काढायचे का, म्हणून तिला अजून झापलं. तोंडी परीक्षेच्या वीस गुणांच्या रकान्याशी त्यांचा लाल पेन थांबला होता. टीना मॅडम मध्ये पडल्या. भांडण मिटवायचं असलं की त्या हिंदीत शिरत. "सर, एक मिनट. मूळ यादी रजिस्टरला लावलेली आहे ना. बिसरामजी, ज़रा रजिस्टर आणता? बघून घेऊ, खतम करू विषय."

बिसरामजींनी घंटा टेबलावर ठेवली आणि ते बाटल्यांच्या खोलीकडे गेले.

त्या खोलीच्या कपाटाची किल्ली फक्त त्यांच्या जानव्यागत गळ्यात असलेल्या दोऱ्याला होती. मॅडमलासुद्धा कोणत्या फळीवर काय आहे ते सांगता आलं नसतं. त्यांनी कपाट उघडलं, रजिस्टर काढलं, आणि न उघडता ते तसंच छातीशी धरून स्टुलावर बसले. उघडायची गरजच नव्हती. यादीत काय आहे ते त्यांना माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी अभ्यासक्रम बदलला आणि कार्डावर संवर्धन स्थितीची एक ओळ वाढली. मॅडमनी संगणकावरून दोनशे बारा नावांची यादी काढून दिली, प्रत्येकापुढं स्थिती छापलेली. बिसरामजींनी सगळी कार्डं नव्यानं लिहायला घेतली. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी त्यात गेली. पाकटापुढं यादीत 'संकटग्रस्त' होतं, ते त्यांनी जसंच्या तसं उतरवलं. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पाकटाबद्दल स्वतःचं मत असण्याचा प्रश्नच नव्हता. कोशाच्या पतंगापुढं यादीत फक्त एक आडवी रेघ होती. मॅडम म्हणाल्या होत्या, त्याचा अर्थ मूल्यमापन झालेलं नाही असा होतो.

तिथं बिसरामजी अडले. त्यांच्या कार्डावर आजवर कुठलीच ओळ रेघेवर गेली नव्हती. गोगलगायीचीसुद्धा स्थिती होती, आणि कोशाची नाही? तो पतंग तर त्यांनी स्वतः आणलेला. मामाच्या गावाहून चार कोसे आणून घरी टोपलीत ठेवले होते, एका पहाटे त्यातून ही मादी बाहेर निघाली आणि सुमित्राबाईंच्या लुगड्यावर बसून पंख वाळवत राहिली. लहानपणी मामाच्या गावी येनाच्या झाडाखाली उभं राहिलं की वर कोसेच कोसे दिसत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग कसली मोजणी आणि कसलं मूल्यमापन? त्यांनी पेन उचलला आणि छापल्यागत अक्षरात लिहिलं, 'चिंता नाही'. परक्या माशाचं त्यांनी यादीतलं लिहिलं, आणि घरच्या पतंगाचं मनातलं.

मॅडमनी कार्डं तपासली होती, पण बिसरामजींची कार्डं तपासायची म्हणजे वरून हात फिरवायचा, एवढीच रीत पडली होती. तीन वर्षं पोरं ते पाठ करून गेली. आणि आज एका पोरीला त्याच्यापायी शून्य मिळत होतं.

यादी सापडत नाही, एवढं म्हटलं की झालं असतं. कोणी कपाट उघडायला आलं नसतं. रजिस्टर जुनं आहे, कागद सैल झाला होता, पडला असेल कुठं. सरांनी मान डोलावली असती, पुस्तकातलं ते वाक्य तसंच राहिलं असतं, नागऱ्याच्या पंगतीतल्या बाया सुमित्राबाईंना काही बोलल्या नसत्या. सरकारी कपाटांत कागद हरवतातच. बिसरामजींच्या मनात हे आलं नाही असं म्हणणं खोटं होईल. आलं, आणि चांगलं दोन मिनिटं टिकलं. दोन मिनिटं म्हणजे किती, हे त्यांच्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक असणार?

मग त्यांना केवलराम सर आठवले.

केवलराम सर म्हणजे या प्रयोगशाळेचे पहिले विभागप्रमुख. बिसरामजी नोकरीला लागून दोन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. गोंदियाच्या बाजारात भैय्यालाल म्हणून एक मासळीवाला होता. त्याच्याकडे रेल्वेनं बर्फाच्या पेट्या यायच्या. एकदा पेटीच्या तळाशी हा चपटा प्राणी निघाला. गिऱ्हाईक त्याला बोट लावेना. भैय्यालाल तो उकिरड्यावर टाकणार, तेवढ्यात बिसरामजींची नजर गेली. तसा मासा त्यांनी केवलराम सरांच्या पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता, नि आपल्या कॉलेजात तो नाही याचं त्यांना फार वाईट वाटायचं. ओल्या पोत्यात गुंडाळून ते एसटीत बसले. वास सुटला तसा कंडक्टरनं अर्ध्या वाटेत खाली उतरवलं. राहिलेले आठ किलोमीटर ते पोतं डोक्यावर घेऊन भर उन्हात चालत आले, आणि गळणाऱ्या पाण्यानं त्यांचा नोकरीतला पहिला नवा सदरा कायमचा खराब झाला. सरांनी पोतं उघडलं आणि आनंदानं त्यांना मिठीच मारली, वासासकट.

मग कार्ड लिहायची वेळ आली. सापडल्याचं ठिकाण काय लिहायचं? एक प्राध्यापक म्हणाले, रत्नागिरी लिहा, सगळ्या कॉलेजांत तेच असतं, शोभतं. केवलराम सरांनी बिसरामजींकडे पाहिलं. "तुला कुठं सापडला?" "गोंदियाच्या बाजारात, सर." "मग तेच लिही. समुद्र कोणता ते आपल्याला माहीत नाही, तर माहीत नाही असंही लिही. त्यात लाज कसली?" अजूनही त्या बरणीपुढच्या कार्डावर तसंच आहे, 'गोंदिया मासळी बाजार, बर्फाच्या पेटीत. समुद्र : माहीत नाही.' बाहेरून येणारा प्रत्येक जण ते वाचून आधी हसायचा आणि मग बिसरामजींकडे पाहायचा, आणि त्या पाहण्यात मान असायचा. त्यांचं सगळ्यात लाडकं कार्ड तेच होतं.

तिथं माहीत नाही लिहिता आलं, आणि घरच्या पतंगाच्या वेळी हात आडवा आला! बिसरामजी स्टुलावरून उठले. कपाटाला कुलूप लावलं, कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि बाहेर आले.

रेणू तिथंच उभी होती, मान खाली. बिसरामजींनी रजिस्टर सरांच्या पुढ्यात ठेवलं, यादीचं पान काढलं, आणि एकशे अठ्ठ्याहत्तराव्या नावावर बोट ठेवलं.

"पोरगी बरोबर आहे, सर. यादीत रेघ आहे. चिंता नाही हे मी माह्या मनानं लिवलं."

चंद्रकुमार सरांनी यादी पाहिली, कार्ड पाहिलं, पुन्हा यादी पाहिली. मॅडमचा चेहरा कावराबावरा झाला. कुठंतरी गडबड झाली असेल, कॉपी करताना होतं, असं काहीबाही त्या बोलू लागल्या.

"गडबड नाही, मॅडम," बिसरामजी म्हणाले. "जागा रिकामी ठेवाची मले लाज वाटली. माहा पतंग होता तो."

सरांनी लाल पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग रेणूचं कापलेलं उत्तर त्यांनी पुरे गुण देऊन दुरुस्त केलं, आणि तोंडी परीक्षेच्या रकान्यात विसांपैकी एकोणीस लिहिले. एक गुण का कापला ते त्यांनी सांगितलं नाही. परीक्षकाला एक तरी कापावाच लागतो, अशी त्यांची समजूत असावी. "बसा," ते रेणूला म्हणाले. "आणि मी मघाशी तुम्हाला उद्धट म्हणालो, ते चुकलं माझं."

पहिली तुकडी शेजारच्या खोलीत बसवून ठेवली होती. दुसरी आत गेल्याशिवाय पहिलीला सोडायचं नाही, प्रश्न फुटायला नको म्हणून. मधल्या वेळात बिसरामजी तिथं पाण्याची कॅन ठेवायला गेले. रेणू उठून त्यांच्यापाशी आली. डोळे भरले होते तिचे. काकाजी, सगळ्याईसमोर बोलली मी, असं काय काय ती म्हणत राहिली.

"रडून कायले राहिली?" बिसरामजी म्हणाले. "मले एक सांग. तुया बाबाले चार कोसे सापडले म्हणतेस, ते कोणत्या महिन्यात? कोण्या अंगाच्या जंगलात? आठवून सांग. अंदाजे नोको सांगू."

रेणूला आधी कळेना. मग तिनं डोळे पुसले आणि आठवून आठवून सांगितलं. त्यांनी सदऱ्याच्या खिशातला कागद काढून सगळं टिपून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं, आणि तिच्या आडनावात वेलांटी पहिली की दुसरी तेही विचारून घेतलं. एकतीस वर्षांत त्यांनी पोरांना कार्डं वाचायला लावली होती. कार्ड वाचून ते पडताळून पाहणारी ही पहिलीच, आणि ती आपल्या प्रयोगशाळेतून निघाली, याचा त्यांना इतका अभिमान वाटला की पाण्याची कॅन तिथंच विसरून ते परत आले.

मॅडमनी तोवर तोडगा काढला होता. नवीन कार्ड लिहा, जुनं फाडून टाका. छापखान्याला फोन करते, ते एवढं एक पान बदलून देतील, अजून छपाई लागलेली नाही. सर तर आपलेच आहेत. किसीको पता भी नहीं चलेगा.

बिसरामजींनी कोरं कार्ड घेतलं नाही. पतंगापुढचं जुनंच कार्ड उचलून त्यांनी टेबलावर ठेवलं. रजिस्टरचा एक नियम केवलराम सरांनी त्यांना पहिल्या आठवड्यात शिकवला होता. रजिस्टरमध्ये चुकलं तर खोडायचं नाही, पांढरं लावायचं नाही, पान फाडायचं नाही. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. कार्डांवर हा नियम वापरायची पाळी त्यांनी स्वतःवर कधी येऊ दिली नव्हती. त्यांनी पट्टी घेतली. 'चिंता नाही'वरून एक सरळ रेघ ओढली. शेजारी लिहिलं, 'मूल्यमापन झालेलं नाही. किती आहेत : माहीत नाही.' सही केली, तारीख टाकली. मग त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ घातली, 'नवेगाव बांध परिसर, या हंगामात तीन दिवसांच्या शोधात रानातले चार कोसे. सांगणारी : रेणू दिघोरे.'

"आता तुमी फोन लावा, मॅडम," ते म्हणाले. "सांगा त्याईले का पान बदला, पण हे असंच छापा. रेघेसकट."

मॅडम म्हणाल्या, पुस्तक तुमच्या गौरवाचं आहे बिसरामजी, त्यात तुमचीच चूक कशाला दाखवायची?

"तीन वर्षं पोरं हे चुकीचं पाठ करून गेली," बिसरामजी म्हणाले. "त्यातले कितीक उद्या शाळेत मास्तर होतीन. पुस्तक त्याईच्या हाती जाईन. गुपचूप बदललं तं त्याईले वाटन, काकाजीनं तवाही हेच लिवलं होतं. रेघ दिसली तं कळंन, का आपण चुकीचं शिकलो होतो."

मॅडमनी चंद्रकुमार सरांकडे पाहिलं. सरांनी आपल्या बॅगेतून प्रस्तावनेचा कागद काढला होता आणि त्यातल्या एका वाक्यावर त्यांचं बोट होतं. ते म्हणाले, आज रात्री नागपूरला पोचलो की ही प्रस्तावना मी पुन्हा लिहितो, आधी लिहिली त्यापेक्षा बरी होईल. बिसरामजींना ते वाक्य तोंडपाठ होतं. ते जाणार याचं त्यांना वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण सकाळी बाटल्यांच्या खोलीत दार लोटून ते तीनदा वाचताना छातीत कुठंतरी जे टोचत होतं, ते आता टोचत नव्हतं.

मॅडमनी फोन लावला. पलीकडच्या माणसाला काही केल्या कळेना. खाडाखोड छापायची म्हणजे काय, आमच्या छापखान्याचं नाव खराब होईल, असं तो म्हणत असावा, कारण मॅडमना ते तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज चढला होता आणि मान ताठ झाली होती. "हाँ भैया, रेघेसकट. हमारे बिसरामजी का कार्ड है, जैसा है वैसा छापो."

साडेबारा वाजले. दुसरी तुकडी दारात येऊन उभी राहिली, हातात लिहायचे पॅड, तोंडं सुकलेली. बिसरामजींनी पाचव्या टेबलावरच्या बरणीची काच फडक्यानं पुसली. आत पाकट मासा तसाच होता, समुद्र माहीत नसलेला. शेजारच्या पेटीवरची धूळ त्यांनी फुंकली, पतंगाचे पंख नीट आहेत ना पाहिलं. दोन्ही कार्डं आपापल्या जागी ठेवली. परीक्षेच्या रीतीप्रमाणं पालथी केली. पतंगाचं कार्ड पालथं करण्याआधी त्यांनी ते एकदा डोळ्यांपासून लांब धरून पाहिलं. रेघ पट्टीनं मारलेली होती, कुठंही हललेली नव्हती.

दर परीक्षेला ते दारापाशी उभे राहून घंटा वाजवायचे. आज ते पाचव्या टेबलापाशी, पतंगाच्या बाजूला जाऊन उभे राहिले. पोरं आपापल्या जागी लागली. बिसरामजींनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि घंटा वाजवली.